उपासाला चालते का ही गोळी?

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी आईने गोळ्यांची स्ट्रिप माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "ही उपासाले चालते का वं?" बीपीच्या गोळीबद्दल ती असं कधी विचारत नाही, ती बारकी गोळी म्हणजे औषध, औषधाला उपास नसतो हे तिच्या मनात पक्कं आहे. पण ही गुडघ्याची गोळी चांगली बोटाच्या पेराएवढी, फिकट पिवळी, गिळायला अर्धा तांब्या पाणी लागतं, आणि डॉक्टरांनीच "हे औषध नाही, सप्लिमेंट आहे" असं सांगितलेलं, त्यामुळे तिच्या हिशोबात ती खाण्याच्या वस्तूत जमा झाली होती. मी चष्मा लावून मागचं वाचायला घेतलं. चंदेरी कागदावर निळी शाई, ट्यूबलाइटखाली तिरकं धरल्याशिवाय अक्षर दिसत नाही. ग्लुकोसामाइन सल्फेट पोटॅशियम क्लोराइड ७५० मिलिग्रॅम, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट २०० मिलिग्रॅम, एमएसएम, व्हिटॅमिन डी थ्री. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, लग्नाच्या आधीपासूनची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि ग्लुकोसामाइन, म्हणजे सांध्याच्या गादीसाठी म्हणून देतात तो घटक, बहुतेक वेळा कशापासून काढतात हे मला कुठेतरी वाचून माहीत होतं. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून.

मी म्हटलं, थांब, नीट बघून सांगते.

आईचे गुडघे हा आमच्या घरातला जुना विषय. शेगावच्या पालखीबरोबर ती मैलोन् मैल चाललेली बाई, आणि आता देवघरापुढून उठताना आधी एक हात पाटावर, मग एक हात भिंतीला, मग गुडघ्यातून कट्कन आवाज, आणि मग "विठ्ठला" म्हणत ती उभी राहते. भाकरी खाली बसून थापणं तिने सोडलं, मांडी घालून भजनाला बसणं सोडलं, आता मंडळात तिला प्लॅस्टिकची खुर्ची देतात आणि त्या खुर्चीचं तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुःख आहे असं मला कधीकधी वाटतं, कारण बाकीच्या सगळ्या जणी खाली सतरंजीवर आणि ही एकटी वर. अमरावतीच्या डॉक्टरांनी एक्सरे खिडकीकडे धरून दाखवला होता, आतल्या बाजूची गॅप कमी झालीय बघा. शेजारच्या काकू म्हणतात वंगण संपलं, आत्या म्हणते गादी झिजली. ऑपरेशनची घाई नको, वजन थोडं कमी करा, व्यायाम करा, आणि ही गोळी तीन महिने घेऊन बघा. या तिन्हीपैकी गोळी तेवढी लगेच सुरू झाली. आपल्याकडे असंच होतं बहुतेक घरी.

मेडिकलवाल्याकडे दर वेळी डॉक्टरांनी लिहिलेलीच गोळी असायची असं नाही, मग तो दुसरी द्यायचा, कधी तिसरी, आणि म्हणायचा, "ताई, सेम कंटेंट आहे, फक्त कंपनी वेगळी." त्या रात्री मी घरातली सगळी पाकिटं जेवणाच्या टेबलावर पेपर टाकून मांडली. एक आईची चालू स्ट्रिप, एक आधीची उरलेली, एक डबी मामेभावाने परदेशातून आणून दिलेली, एक शल्लकीची बाटली जी कोणीतरी दिली आणि उघडलीच नव्हती, आणि कोलॅजनचं एक सॅशे जे मैत्रिणीने सॅम्पल म्हणून दिलं होतं. सेम कंटेंट म्हणजे किती सेम हे एकदा बघायचंच असं ठरवलं, आणि खरं सांगते, दोन वाजले तरी मी टेबलावरून उठले नव्हते.

पहिली गोष्ट मिठाची. ग्लुकोसामाइन नुसतं टिकत नाही, त्याला कुठल्यातरी क्षारासोबत बांधावं लागतं. हायड्रोक्लोराइड म्हणून बांधलं तर वजनाच्या साधारण ८३ टक्के खरं ग्लुकोसामाइन असतं. सल्फेट म्हणून बांधलं तर ते हवेतला ओलावा धरतं, म्हणून त्याला आणखी स्थिर करायला सोडियम क्लोराइड किंवा पोटॅशियम क्लोराइड जोडतात, आणि मग त्या पूर्ण जोडणीच्या वजनात खरं ग्लुकोसामाइन ६० टक्क्यांच्या आसपास उरतं. आता आईच्या स्ट्रिपवरचे ७५० मिलिग्रॅम नुसत्या सल्फेटचे की पोटॅशियम क्लोराइडसकट? मेथीची जुडी मुळं-मातीसकट तोलून द्यावी तसं काही कंपन्या पूर्ण जोडणीचं वजन छापतात, काही आतल्या सल्फेटचं. युरोपातल्या ज्या मोठ्या अभ्यासांचं नाव घेऊन ही गोळी जगभर विकली गेली त्यात रोज १५०० मिलिग्रॅम सल्फेट दिलं होतं, आणि ते देण्यासाठी पुडीत १८८४ मिलिग्रॅम पावडर घालावी लागत होती, वरचे ३८४ मिलिग्रॅम म्हणजे साधं मीठ. हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा लक्षात आलं की जोडणीसकट वजन छापणाऱ्या कंपनीच्या दोन गोळ्या घेतल्या तरी आईला अभ्यासातल्या डोसच्या पाऊणपटच मिळणार, आणि परदेशी डबीतल्या हायड्रोक्लोराइडच्या दोन गोळ्यांत त्याहून जास्त. तिन्हीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात एकच शब्द. ग्लुकोसामाइन.

मग जास्त असलेलं ते चांगलं का? तर तसंही नाही, आणि इथे माझा खरा गोंधळ सुरू झाला. सल्फेटवाल्या त्या युरोपियन अभ्यासांत, एक २००१ साली लॅन्सेटमधे आलेला, २१२ लोकांचा, दुसरा पुढच्याच वर्षी प्रागमधला २०२ लोकांचा, दोन्ही तीन-तीन वर्षांचे, त्यात दुखणंही कमी झालं आणि एक्सरेवरची गॅपही डमी गोळीवाल्यांपेक्षा कमी घटली असं दिसलं होतं. पण २००६ साली अमेरिकेत सरकारी पैशांतून १५८३ लोकांवर गेट नावाचा अभ्यास झाला, त्यात वापरलं होतं हायड्रोक्लोराइड. रोज १५०० मिलिग्रॅम, सोबत १२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन, चोवीस आठवडे. तिथे दोन्ही गोळ्या एकत्र घेणाऱ्यांपैकी ६६.६ टक्के लोकांना बरं वाटलं, आणि नुसती डमी गोळी घेणाऱ्यांपैकी ६०.१ टक्के लोकांना. म्हणजे फरक जवळपास नाहीच. फक्त ज्यांचं दुखणं मध्यम ते तीव्र होतं त्या छोट्या गटात ७९.२ विरुद्ध ५४.३ असा चांगला फरक निघाला, आणि तेवढा एक आकडा घेऊन तेव्हापासून जाहिराती चालू आहेत. सल्फेटवाले म्हणतात, बघा, सोबतचा क्षार वेगळा होता म्हणून. विरोधक म्हणतात, तुमचे अभ्यास कंपनीच्या पैशांचे होते म्हणून. पुढे स्पेन, फ्रान्स, जर्मनी, पोलंडमधल्या ६०६ लोकांवरच्या एका अभ्यासात हीच जोडगोळी सेलेकॉक्सिब या पेनकिलरच्या बरोबरीची ठरली, पण त्यात डमी गोळीचा गटच नव्हता, आणि २०१७ साली १६४ लोकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात डमी गोळी ठेवली तर ती जोडगोळी डमीपेक्षाही मागे पडली. २०१९ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन देऊच नका असं ठाम लिहिलं, आणि त्याच वर्षी युरोपातल्या एका तज्ज्ञगटाने म्हटलं की क्रिस्टलाइन सल्फेट, तेही डॉक्टरी प्रिस्क्रिप्शनच्या दर्जाचं, सुरुवातीलाच द्या. फ्रान्सने तर २०१५ मधेच या प्रकारच्या औषधांचे पैसे सरकारी विम्यातून द्यायचं थांबवलं होतं.

डमी गोळी घेऊन शंभरातल्या साठ लोकांना बरं वाटतं. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

कारण आईला बरं वाटत होतं. गोळी सुरू केल्यापासून सकाळचा आखडलेपणा कमी आहे असं ती सगळ्यांना सांगायची, बाजारातून येताना मधे एकदाच बसते म्हणायची. ते गोळीमुळे होतं, की हिवाळा संपला म्हणून, की डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावून नीट तपासलं आणि कोणीतरी आपलं ऐकलं याचंच बरं वाटत होतं, हे कोण सांगणार? आणि ते बरं वाटणं खरंच आहे ना, पायऱ्या ती खरंच चढतेय. माझ्या एका मिठाच्या हिशोबाने किंवा एका कोळंबीच्या कवचाने ते काढून घ्यायचं का? रात्री त्या टेबलापाशी मला हे फार जड गेलं. एक मन म्हणत होतं, गप्प बस, कवचापासून काढलं तरी शेवटी ते एक शुद्ध रसायन, त्यात कोळंबीचं काही राहत नाही. दुसरं मन म्हणत होतं की माळ तिची आहे, तुझी नाही, राहतं की नाही राहत हे ठरवायचा हक्क तिचा.

शिवाय प्रश्न नुसत्या ग्लुकोसामाइनचा नव्हताच. बाजारात सहसा मिळणारं कॉन्ड्रॉइटिन गाय, डुक्कर, कोंबडी नाहीतर शार्क माशाच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ लवचिक हाडातून, काढतात. कोलॅजन म्हणजे जनावरांचंच, त्यात तर वादच नाही, पण तिथेही नाव एक आणि वस्तू दोन. त्या सॅशेमधे होतं हायड्रोलाइज्ड कोलॅजन, म्हणजे कातडं-हाडातलं प्रथिन बारीक तोडून केलेली पावडर, दहा ग्रॅम रोज. आणि दुसऱ्या प्रकारचं मिळतं ते कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतलं, फक्त ४० मिलिग्रॅम, न शिजवलेलं, मूळ घडी न मोडलेलं. त्याचं काम गुडघ्याला कच्चा माल पुरवणं हे नाहीच मुळी, आतड्यातल्या प्रतिकारपेशींना "हे आपलंच आहे, यावर हल्ला करू नका" अशी ओळख पटवून देणं अशी त्यामागची कल्पना आहे. तापवलं की घडी मोडते आणि ओळख जाते. १९१ लोकांवर १८० दिवस केलेल्या एका अभ्यासात हे ४० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनपेक्षा सरस ठरलं, अर्थात अभ्यासाला पैसा बनवणाऱ्यांचाच होता. मुद्दा हा की दहा ग्रॅम आणि चाळीस मिलिग्रॅम, दोन्हीवर पुढे लिहिलेलं असतं कोलॅजन, आणि कोणीतरी काउंटरवरून म्हणणार, सेम कंटेंट.

आणि तो शाकाहारी-मांसाहारी ठिपका? बिस्किटाच्या पुड्यावर असतो, सप्लिमेंट म्हणून विकलेल्या डबीवर असतो कारण ते खाद्यपदार्थांच्या कायद्यात येतं, त्यावर "औषधी वापरासाठी नाही" असंही छापावं लागतं. पण तीच वस्तू औषधाच्या लायसन्सवर निघाली तर ठिपका लागत नाही. आईच्या स्ट्रिपवर नव्हता. म्हणजे चिवड्याच्या पाकिटाबद्दल तिला जेवढं सांगितलं जातं तेवढंही रोज गिळायच्या गोळीबद्दल सांगितलं जात नाही. याचा मला राग येतो, आजही येतो. एवढ्या माळकरी, जैन, शाकाहारी घरांमधे ही गोळी जाते आणि लिहून देणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत कोणालाही एक वाक्य बोलावंसं वाटत नाही.

सकाळी मी आईला सांगितलं. चहा झाल्यावर, गच्चीवर, काही न लपवता. ती थोडा वेळ माळेच्या मण्यांशी बोटं खेळवत बसली. मग म्हणाली, "कोणंच सांगतलं नाई मले." चिडली नाही, रडली नाही, स्ट्रिप उचलून माझ्या हातात दिली फक्त. शाकाहारी ग्लुकोसामाइनही असतं, बुरशीपासून करतात, मक्यावर वाढवून, हे मी सांगितलं, तर म्हणे राहू दे आता ते नाव नको. दुपारी तिने नेहमीसारखी भगर केली, शेंगदाण्याची आमटी केली, आणि संध्याकाळी भजनाला जाताना खुर्चीबद्दल काही बोलली नाही. माझ्या मनात मात्र दिवसभर धाकधूक, आता दुखणं वाढलं तर.

म्हणून उरलेली बाटली उघडली. शल्लकी. आमच्या भागातल्या लोकांना ही सालई म्हणून माहीत आहे. लहानपणी परतवाड्याला मावशीकडे जायचो तेव्हा मेळघाटच्या वाटेवर उन्हाळ्यात पानं झडलेली, कागदासारखे पापुद्रे सुटलेली ही झाडं डोंगराच्या उतारावर उभी दिसायची, आणि मावशीकडे संध्याकाळी सालईच्या डिंकाचा धूप असायचा. निखाऱ्यावर खडा टाकला की आधी तडतड, मग पांढरा धूर, लिंबाच्या सालीसारखा आणि थोडा कडवट असा वास जो केसात दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा. हिवाळ्यात लाडवात घालतात तो डिंक वेगळा, धावड्याचा बाभळीचा, तो तुपात फुलतो. सालईचा फुलत नाही, चिकट होतो. याच डिंकाच्या अर्कावर २००३ साली आमच्या नागपुरातच अभ्यास झालाय, किंमतकर आणि सहकाऱ्यांचा, तीस रुग्ण, ३३३ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, आठ आठवडे, मग गट अदलाबदल. दुखणं कमी, गुडघा जास्त वाकायला लागला, चालायचं अंतर वाढलं, एक्सरे मात्र होता तसाच. पुढे २००७ मधे नागपूरचाच आणखी एक, ६६ लोकांचा, त्यात पेनकिलर लवकर लागू पडली पण बंद केल्यावर लवकर उतरली, आणि शल्लकी हळूहळू लागू पडली पण बंद केल्यावरही काही काळ टिकली. छोटे अभ्यास आहेत, तीस माणसांवरून जग ठरत नाही, पण आपल्या माणसांच्या, आपल्यासारख्या खाली बसणाऱ्या गुडघ्यांवरचे आहेत याला मी माझ्यापुरतं मोल देते. आणि इथेही बाटलीचं मागचं वाचावंच लागतं. काहींवर नुसती "शल्लकी पावडर", काहींवर "बोस्वेलिक अ‍ॅसिड ६५ टक्के", म्हणजे या डिंकातली आम्लं, आणि काही नव्या प्रकारांत त्यातला एकच कामाचा घटक, आकबा नावाचा, ३० टक्क्यांपर्यंत वाढवलेला, म्हणून डोस शंभर मिलिग्रॅम पुरतो. हजार मिलिग्रॅमची डबी शंभरच्या डबीपेक्षा भारी असं वाटून घेणारे खूप आहेत. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले हरकत नाही, जेवणानंतर द्या, पोट बिघडलं तर थांबवा.

हळदीचं तर विचारूच नका, प्रत्येक दुसरा माणूस हळद सांगतो. आमच्याकडे वायगावची हळद येते, वर्ध्याची, रंग असा की डब्याचं झाकण पिवळं ते पिवळंच. पण साध्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला पिवळा कामाचा घटक, तीन-चार टक्के, म्हणजे चमचाभर हळदीच्या दुधात दीड-दोनशे मिलिग्रॅम, आणि तेही आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, यकृत त्याला लगेच बाहेरचा रस्ता दाखवतं. थायलंडमधे २०१४ साली ३६७ रुग्णांना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क देऊन बघितला, तो आयबुप्रोफेन या पेनकिलरच्या जवळपास उतरला आणि पोटदुखीचा त्रास तिच्यापेक्षा कमी झाला, पण तो अर्क होता, दूध नव्हतं. मग कंपन्यांनी युक्त्या काढल्या, कोणी लेसिथिन नावाच्या स्निग्ध पदार्थात गुंडाळलं, कोणी हळदीचंच तेल परत मिसळलं, आणि सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे मिऱ्यातलं पिपरीन. बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधे १९९८ साली दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत फक्त २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर माणसाच्या रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. आता लेबलवर हे वीसपट अभिमानाने छापतात. पण पिपरीन हे करतं कसं, तर यकृताचं आणि आतड्याचं बाहेर काढायचं काम मंदावून, आणि ते मंदावलं की फक्त हळदच आत राहते असं नाही, बाकीची औषधंही जास्त वेळ राहू शकतात. इटलीत आणि ऑस्ट्रेलियात अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तिथल्या सरकारांनी इशारेही दिलेत.

आईच्या बाबतीत सध्या असं चाललंय की शल्लकी जेवणानंतर, आणि रोज सकाळी खाटेवर बसून पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, मनात दहा अंक मोजेपर्यंत. अंकांऐवजी ती "रामकृष्णहरी" म्हणते. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला तर गुडघ्यावरचा भार तो घेतो, आणि एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो, हे २००५ सालचं मोजमाप मी तिला सांगितल्यापासून रात्रीचा भात तिने निम्मा केलाय. कुठल्याही डबीवर छापलेल्या आकड्यापेक्षा मला हा चार किलोचा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. मांसाहाराचा प्रश्न नाही, मिठाचा हिशोब नाही. परवा पाटावरून उठताना भिंतीला हात लावला नाही तिने, निदान मी बघत होते तेव्हा तरी नाही.

आता काळजी मावशीची आहे. हे सगळं ऐकून तिने फोनवर सांगितलं की मला काय, मी मासे खातेच, ती कोळंबीची गोळी मला पाठवून दे. आणि बोलता बोलता म्हणाली की ती केव्हाची हळद-मिऱ्याची कॅप्सूल पण घेतेय, ऑनलाइन मागवलेली, दिवसातून दोन. मावशीच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ राहायची गोळी तिला जन्मभर आहे, दर महिन्याला त्याची तपासणी असते. ग्लुकोसामाइनने त्या गोळीचा असर वाढल्याच्या नोंदी आहेत, हळदीच्या अर्कानेही वाढू शकतो, आणि वरून पिपरीन. मी म्हटलं, मावशी, हिरड्यांतून रक्त येतं का गं ब्रश करताना? ती जरा थांबली, म्हणाली, येते कधी कधी, पण हळद काय करते वं, घरचीच तं आहे. तिच्या डॉक्टरांना हे सांगितलंय का, तर नाही, कारण त्यांनी विचारलं नाही आणि हिला ते औषध वाटतच नाही.

फोन ठेवायच्या आधी तिला म्हटलं, हळदीची कॅप्सूल आजपासून बंद, रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने सोडायची नाही, तिच्या डॉक्टरांना आजच फोन करायचा आणि रक्ताची तपासणी महिन्याची वाट न बघता उद्याच करून घ्यायची. मावसभावालाही वेगळा फोन करून तेच सांगितलं. रविवारी मी परतवाड्याला जातेय. तिच्या घरातल्या सगळ्या डब्या, स्ट्रिपा, पुड्या, मिळतील तेवढ्या एका पिशवीत भरायच्या आणि सोमवारी सकाळी तिच्या डॉक्टरांच्या टेबलावर मांडायच्या असं ठरवलंय. आईपण येणार म्हणतेय, बहिणीला समजावायला.